आजोबांच्या ट्रंकेतल्या पुंगळ्या

(घरात सापडणाऱ्या जुन्या लष्करी वस्तूंबद्दल वाचक विचारतात, आमचे निवृत्त आर्मरर (पलटणीची शस्त्रं दुरुस्त करणारे) हवालदार उत्तरं देतात. या वेळची पत्रं रिकाम्या काडतुसांची.)

प्रश्न : माझे आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत होते. गोठ्यावरच्या माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक सापडली. तीत चाळीसेक पितळी पुंगळ्या आणि फुलदाणीएवढी एक मोठी पुंगळी आहे. लहानांच्या बुडावर इंग्रजी के, मग बाण, मग एफ आणि ४३ असं उमटवलंय. सात-आठ जणींना तोंडाशी उभ्या चिरा गेल्यात. मोठीवर '२५ पीआर' लिहिलंय. भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे. आमचे हे म्हणतात, नदीत टाकून मोकळी हो. ठेवणं गुन्हा आहे का? – एक भगिनी, कोरेगाव

उत्तर : ताई, नदीत नको आणि भंगारात तर नकोच. थ्री नॉट थ्रीची, म्हणजे तेव्हाच्या फौजी रायफलीची, रिकामी पुंगळी साधारण ११ ग्रॅमची. चाळीस मिळून अर्धा किलोसुद्धा भरणार नाहीत. भंगारवाला दोनेकशे रुपये हातावर टेकवेल, आणि उद्या पोलिसांनी गोदामात विचारलं की तुमच्या घराकडे बोट दाखवेल.

आधी उजेडात बसून एकेक पुंगळी हातात घ्या. पोरांना लांब ठेवा. तोंड उघडं हवं, आत पोकळ दिसायला हवं. मग बुड बघा. मधोमध दारू पेटवणारी छोटी गोल टोपी असते, तिला आम्ही कॅप म्हणतो. कॅपवर बंदुकीच्या पिनेचा खड्डा आणि तोंड मोकळं, म्हणजे गोळी उडालेली. कॅपवर खड्डा आहे पण तोंडात गोळी तशीच बसलेली आहे, तर तो मिसफायर. घोडा पडला, दारू पेटली नाही. ऐंशीवर वर्षं झाली म्हणून ती मेली असं समजू नका, ती जिवंतच धरायची. पुंगळी रिकामी पण कॅप कोरी, तर तीही वेगळी समजा. असा एक जरी नग निघाला तर जिथं आहे तिथंच राहू द्या, ११२ ला फोन करा, ते पथक पाठवतील. पिशवीत घालून एसटीनं पोलीस ठाण्यात न्यायचा उत्साह कुणी दाखवू नये.

मोठीकडे जास्त लक्ष द्या. २५ पीआर म्हणजे पंचवीस पौंडी तोफ. आफ्रिकेपासून इटलीपर्यंत आपल्या पलटणींच्या पाठीशी हीच तोफ असायची. हिच्या बुडाशी साध्या कॅपऐवजी आट्यांनी बसवलेला प्रायमर असतो आणि त्यात काळी दारू असते. लोक पुंगळी रिकामी बघून निर्धास्त होतात, तिच्यात काठ्या-छत्र्या ठेवतात, आणि प्रायमर कोरा आहे हे बघतच नाहीत. मधोमध पिनेचा खड्डा ठळक दिसला तरच घरात ठेवा. पाना लावून प्रायमर सोडवायला जाऊ नका, गावात फिटर ओळखीचा असला तरी.

आता बुडावरच्या खुणांचं. बाण म्हणजे सरकारी मालाची निशाणी. के आणि एफ म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासूनचा. ४३ म्हणजे १९४३. शेजारी रोमन सात असेल, ती मार्क सातची, म्हणजे सातव्या नमुन्याची गोळी. तेव्हा माल पुण्याचाच. तो इटलीत उडाला की बेळगावच्या चांदमारीवर, हे पुंगळी सांगत नाही. घरात इटलीच सांगितलं जाणार, सांगू द्या.

चिरांचं कारण मला तुमच्या गोठ्यात दिसतं. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. जाड चकतीची वाटी करायची, ती ओढून ओढून लांब करायची, मधे मधे तापवून नरम करायची, अशी पुंगळी घडते. या ओढाताणीत धातूत ताण राहून जातो. इंग्रजांच्या काळी पावसाळ्यात मोहिमा थंडावल्या की काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवायचे आणि पावसाळा सरला की काडतुसांना चिरा गेलेल्या सापडायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हवेतल्या ओलीबरोबर ताणलेल्या पितळेला खातो, हे कोडं १९२१ च्या सुमारास सुटलं. तुमच्याकडे घोड्यांच्या जागी गुरं, एवढाच फरक. ट्रंक घरात आणा. चिरलेल्या पुंगळ्या सांधायच्या नाहीत, घासायच्या तर कुठल्याच नाहीत. जुना काळपटपणा हीच त्यांची किंमत आहे.

आणि गुन्ह्याचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, म्हणून 'रिकामी आहे, काय होतंय' असं म्हणता येत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये, इतर भागांना जोडून वापरायचा इरादा नसलेल्या किरकोळ भागांना सूट आहे. तुमचा इरादा ट्रंकेत ठेवण्याचा, तो कागदावर आणा. किती पुंगळ्या, बुडावर काय, कुणाच्या ट्रंकेत कधी सापडल्या, सोबत फोटो आणि आजेसासऱ्यांच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स, असा अर्ज पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. एक प्रत साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. ठाण्यातला माणूस म्हणाला जमा करा, तर पंचनामा करून पावतीवर जमा करा, वाद घालू नका.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सेवेत असताना गेला. गावात लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. फैरी झाडल्या तेव्हा चुलत्यांना दोन पुंगळ्या मिळाल्या. आईनं त्या देव्हाऱ्यात ठेवल्यात. आता कुणी म्हणतं, परत द्याव्या लागतात. – एक वाचक, गडहिंग्लज तालुका

उत्तर : दादा, सलामीला ब्लँक राऊंड असतात, त्यांत गोळी नसते. तोंड चांदणीसारखं मुडपून बंद केलेलं असतं आणि उडाल्यावर ते उमलतं. तुमच्याकडच्या पुंगळ्यांच्या काठाला त्या मुडपणीच्या घड्या बोटाला लागतील. तोंड मिटलेलंच असेल तर मात्र ती उडालेली नाही, लगेच कळवा.

म्हणणाऱ्याचं खोटं नाही. सलामीच्या तुकडीला दिलेल्या राऊंडचा हिशेब रिकाम्या खोक्यांसकट (पलटणीत पुंगळीला खोकाच म्हणतात) परत द्यायचा असतो. रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, तर शेवटचा खोका मिळेपर्यंत आम्ही कंपनीला गवतात ओणवं फिरवायचो. पण दोन खोक्यांसाठी कुणी तुमच्या आईच्या दारात येणार नाही. भावाच्या युनिटला, सैनिक कल्याण अधिकाऱ्यांमार्फत, साधं पत्र लिहा की या दोन आमच्याकडे आहेत, ठेवायची परवानगी असावी. असं पत्र नाकारणारा सीओ (युनिटचा प्रमुख) मी पाहिलेला नाही. देव्हाऱ्यात ठेवाव्यात की फोटोपाशी, ते आईच ठरवतील.

प्रश्न : मुलगी रायफल क्लबात ५० मीटरचा सराव करते. तिनं डबाभर पॉइंट टू टूच्या पुंगळ्या आणल्यात, झुमके आणि की-चेन करायचेत म्हणते. चिंचेनं घासल्या तर चालतील? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणल्यापासून तुमच्या गावातून अशी पत्रं वाढलीत, आनंद आहे. (१० मीटर एअर रायफलवाल्यांकडे पुंगळी नसतेच, त्यामुळे त्यांच्या आया सुखी.) क्लबाला विचारून आणल्यात का, ते आधी बघा. पुंगळ्या क्लबाच्या हिशेबातल्या असतात.

टू टूला मधोमध कॅप नसते, पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. म्हणून खड्डा कडेला शोधा. त्या मसाल्यात शिशाचं संयुग असतं, गोळीही शिशाची. तेव्हा डबा स्वयंपाकघरात नको. हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत, गरम पाण्यात साबण घालून दोन-तीनदा खळबळून काढा. ते पाणी भांडी घासायच्या जागी ओतू नका. सुकवून कोरड्या ब्रशनं धूळ उडवायची नाही. आणि पुंगळी ओठाला लावून शिट्टी वाजवायचा मोह प्रत्येक पोराला होतो, तो धुण्याआधी तर अजिबात नको, नंतरही नको.

चिंच चालेल, पण चोळून लगेच धुवा. आंबटात भिजत ठेवली तर वरचं जस्त जातं आणि पितळ गुलाबी पडतं. अमोनिया असलेलं पॉलिश नको, कारण वर कोरेगावच्या ताईंना सांगितलंय. ड्रिल मारायच्या आधी प्रत्येक नग पुन्हा तपासा. आणि ते झुमके घालून विमानतळावर जाऊ नका म्हणावं.

प्रश्न : आमच्या गावाला लागून के. के. रेंज हे लष्कराचं तोफांच्या सरावाचं मैदान आहे. पोरं तिथून पितळ, तांबं वेचून विकतात. रिकाम्या पुंगळ्यांनी काय होतंय, असं त्यांचं म्हणणं. – एक शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : गुरुजी, पोरांना एवढंच सांगा. पुंगळी तोफेपाशी पडते आणि ती फौज मोजून नेते. पोरं जिथं वेचतात ती निशाण्याची बाजू. तिथं पडलेला असतो तो गोळा, आणि न फुटलेला गोळाही दिसायला तसाच. गोळ्याभोवतीचा तांब्याचा पट्टा काढायला त्यावर हातोडा घालून रेंजच्या आसपासच्या गावांत माणसं मेली आहेत. दिसलं तर हात न लावता जागा लक्षात ठेवून पोलीस पाटलांना सांगायचं. वेचणाऱ्यांइतकाच दोष विकत घेणाऱ्याचा, त्याचं नावही ठाण्यात द्या.

प्रश्न : इथं रेंजवर पुंगळ्यांचा ढीग असतो, लोक घरी पुन्हा भरतात. सुट्टीत भाच्यांसाठी पाच-दहा आणू का? – एक वाचक, डॅलस

उत्तर : एकही नको. आपल्या विमानतळांवर एक्स-रेमध्ये पुंगळी काडतुसासारखीच दिसते, आणि ती रिकामी आहे हे सिद्ध होईपर्यंत तुमचं पुढचं विमान गेलेलं असतं, वर पोलीस ठाणं.

पुन्हा भरण्याचं म्हणाल तर तुमच्याकडच्या पुंगळीला कॅपखाली मधोमध एकच भोक असतं, म्हणून जुनी कॅप सळईनं ढकलून निघते. ती पद्धत बॉक्सर या इंग्रजाची. दोन बारीक भोकांची पद्धत बर्डन या अमेरिकनाची, ती भरायला किचकट, आणि इंग्रजांच्या फौजेच्या थ्री नॉट थ्रीला बहुतेक तीच. दोघांनी एकमेकांचे देश अदलाबदल केल्यासारखं झालंय. इथं मात्र कुठलीही पुंगळी घरी भरणं म्हणजे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं, भाच्यांच्या डोक्यात ती कल्पनाही घालू नका. आणि रेंजवर नेता ती बॅग प्रवासाला घेऊ नका, तिच्या अस्तरात एखादी अडकलेली असतेच.