अलार्मच्या गर्दीतून दोषापर्यंत: ट्रान्समिशन रूममधील नव्या सहकाऱ्यास पत्र

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्याकडे आता रात्रपाळी येणार आहे, म्हणून एसडीएच लिंकवरील (अनेक वाहिन्या एकत्र नेणाऱ्या फायबर-जोडणीवरील) अलार्म कसे वाचावेत, याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. एसटीएम-1 या मूळ सिग्नलमध्ये ई-1 नावाच्या 63 लहान वाहिन्या मावतात आणि त्याच्या सोळापट क्षमतेच्या, पूर्ण भरलेल्या एसटीएम-16 मध्ये ही संख्या 1008 होते. त्यामुळे एक लिंक तुटली की एनएमएसच्या (नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या प्रणालीच्या) पडद्यावर शेकडो ओळी लाल होतात. त्यांतील बहुतेक ओळी परिणाम दाखवतात. कारण दाखवणारी ओळ एखादीच असते आणि ती सर्वांत खालच्या थरात सापडते.

एलओएस म्हणजे रिसीव्हरला प्रकाश मिळत नाही; एलओएफ म्हणजे प्रकाश मिळतो, पण फ्रेमची (माहितीच्या ठरावीक मापाच्या गटाची) सुरुवात सापडत नाही. मागे कुठेतरी सिग्नल तुटल्याचे एखादे उपकरण पुढच्या उपकरणांना एआयएसद्वारे कळवते, म्हणून केवळ एआयएस दिसणाऱ्या स्टेशनवर कार्ड बदलण्याची घाई करू नकोस. सर्वाधिक गोंधळ होतो तो आरडीआयविषयी, म्हणजे समोरच्या टोकाकडून उलट येणाऱ्या दोषसूचनेविषयी. तुझ्या स्टेशनवर फक्त एमएस-आरडीआय (लिंकच्या याच सेक्शनचा आरडीआय) दिसत असेल, तर तुझी रिसीव्ह बाजू ठीक आहे. तुझ्याकडून निघालेला सिग्नल नीट मिळत नसल्याचे समोरचे उपकरण परतीच्या फायबरवरून सांगत आहे. अशा वेळी आपल्याच रिसीव्हचा कनेक्टर काढून पुसणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि त्यामुळे तोवर चालू असलेली दिशाही बंद पडते.

येथे एक अपवाद ध्यानात ठेव. लेझर आपोआप बंद करणारी एएलएस सुविधा चालू असेल, तर एका दिशेचे फायबर तुटले तरी काही वेळाने दोन्ही टोकांना एलओएस दिसतो, कारण प्रकाश न मिळालेले उपकरण सुरक्षिततेसाठी स्वतःचाही लेझर बंद करते. मग पहिला एलओएस कोणत्या टोकाला आला, हे वेळेवरूनच कळते. म्हणून सर्व उपकरणांची घड्याळे जुळलेली असणे मला फार महत्त्वाचे वाटते.

कशालाही हात लावण्यापूर्वी मिळणारी पॉवर वहीत लिहून घे आणि लिंक सुरू केली त्या दिवशीच्या नोंदीशी ताडून पाहा. एसटीएम-16 च्या एल-16.2 या लांब पल्ल्याच्या इंटरफेसला किमान उणे 28 डीबीएम (डीबीएम हे प्रकाशाच्या पॉवरचे माप) लागते, म्हणून उणे 24 वर एकही अलार्म येणार नाही. पण नोंद उणे 16 ची असेल, तर वाटेत 8 डीबी हरवले आहेत आणि ही लिंक लवकरच त्रास देणार आहे. असा ऱ्हास अलार्म येण्याआधी पकडणारा माणूस मला सर्वांत मोलाचा वाटतो. पॉवर योग्य असूनही चुका दिसत असतील, तर आपल्या सेक्शनमधील चुका मोजणारे बी1 आणि बी2 पाहा. ते स्वच्छ असून केवळ बी3 (संपूर्ण मार्गावरील चुकांची मोजणी) वाढत असेल, तर दोष या फायबरमध्ये नसून आधीच्या एखाद्या सेक्शनमध्ये किंवा उपकरणात शोधावा लागतो.

फायबरवर संशय असेल तर ओटीडीआर (प्रकाशाचे स्पंद सोडून फायबरमधील घट आणि तिचे अंतर दाखवणारे यंत्र) 1310 आणि 1550 नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींवर चालव. एकाच जागी 1550 वर घट बरीच अधिक दिसली, तर तेथे फायबर वाकलेले असण्याची शक्यता मोठी असते. दोन्हींवर साधारण सारखी दिसली, तर जॉइंट तपासावा. ओटीडीआर फायबरची लांबी सांगतो आणि प्रत्येक चेंबरमध्ये केबलचा राखीव वेटोळा असतो, म्हणून ती रस्त्याच्या अंतरापेक्षा अधिक भरते. खोदकामाच्या पथकाला जागा सांगताना जवळच्या ज्ञात जॉइंटपासून मोजून सांग, नाहीतर त्यांचा खड्डा भलत्याच ठिकाणी पडेल.

फायबरच्या टोकात कधीही डोकावू नकोस, कारण हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. आणि कार्ड तपासण्यासाठी लूप देताना (त्याचाच प्रकाश त्याच्याच रिसीव्हरकडे वळवताना) मध्ये प्रकाश कमी करणारा 15 डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लावायला विसरू नकोस: एल-16.2 इंटरफेसचा लेझर उणे 2 ते अधिक 3 डीबीएम पाठवतो, तर त्याचा रिसीव्हर उणे 9 पर्यंतच सोसतो.

तुझा हितचिंतक