पेट स्कॅन (शरीरभर कॅन्सर शोधणारा स्कॅन) स्वच्छ होता, तरी एका गाठीत १.१ मिमी कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणतात शेक (रेडिएशन) घ्या. आईला तो द्यावाच लागेल का?

मला तरी डॉक्टरांचा शेकाचा सल्ला बरोबर वाटतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर ओटीपोटातल्या लसिका ग्रंथीत १.१ मिमीचा ठिपका सापडला, म्हणून पेट स्कॅन चुकला असं होत नाही. इतका लहान ठिपका पेटमध्ये बहुधा उमटतच नाही, आणि त्याने ग्रंथी फुगत नाही म्हणून सीटी-एमआरआयलाही कळत नाही.

ऑपरेशन चालू असताना फ्रोझन तपासणीत (ग्रंथी गोठवून तिथल्या तिथे केलेल्या तपासणीत) ‘काही नाही’ आलं असेल, तर त्याचंही कारण आहे. तेव्हा मोजकेच काप पाहतात. नंतर सेंटिनल ग्रंथीचे (कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो त्या ग्रंथीचे) २ मिमीचे तुकडे करून, त्यांचे ठरावीक अंतरावर पातळ काप घेऊन कॅन्सरच्या पेशी उठून दिसाव्यात म्हणून सायटोकेरॅटिनचा रंग देतात. असे ठिपके तिथे सापडतात.

आता तो आकडा पाहा. ०.२ मिमीपर्यंतच्या सुट्या पेशींची नोंद होते, स्टेज बदलत नाही. त्याहून मोठा, २ मिमीपर्यंतचा ठिपका म्हणजे मायक्रोमेटास्टॅसिस, आणि २०१८च्या फिगो (स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना) वर्गीकरणात तो मोठ्या गाठीसारखाच धरतात: स्टेज ३सी१, म्हणजे ओटीपोटातल्या ग्रंथीपर्यंत पोचलेला. ‘तिसरी स्टेज’ ऐकून खचू नका. याच कप्प्यात मोठमोठ्या गाठी असलेल्या रुग्णही येतात. रिपोर्टात एकूण किती ग्रंथी तपासल्या, काढलेल्या भागाच्या कडा आणि गर्भाशयालगतचा भाग कॅन्सरपासून मोकळा आहे का, हेही विचारून घ्या.

म्हणूनच शेक सुचवतात: साधारण ४५ ते ५०.४ ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), आठवड्याला पाच दिवस, २५ ते २८ बैठका. सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४० मिग्रॅ. जखम भरली की उशीर नको.

घोळ बहुतेकदा जुलाबांपासून सुरू होतो. पाणी कमी पडतं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं, सिस्प्लॅटिनचा डोस चुकतो. म्हणून पहिल्या पातळ जुलाबालाच डॉक्टरांना कळवा, ओआरएस सुरू ठेवा, आणि प्रत्येक डोसआधी क्रिएटिनिन व रक्तपेशी तपासल्याशिवाय औषध चढवू देऊ नका.

गर्भाशय काढल्यावर आतडं खाली त्या जागेत उतरतं, म्हणून आयएमआरटी पद्धत (किरणांची मात्रा हव्या त्या जागेपुरती जुळवणारी) मिळेल का ते नक्की विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या ‘पार्सर’ अभ्यासात ३०० स्त्रिया होत्या. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्क्यांना झाला, रोज स्कॅन पाहून दिलेल्या आयएमआरटीत २१.१ टक्क्यांना. त्यासाठी रोज मूत्राशय सारखंच भरलेलं हवं: आधी लघवी, मग सांगितलं तेवढं पाणी, मग ठरलेली वाट पाहायची. घाईत एक ग्लास कमी प्यायलं तरी आतडं किरणांच्या वाटेत येऊ शकतं.