मरणाच्या दारातल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या स्टाफला नीतिशास्त्र कसं शिकवावं?

तुम्ही विचारलंय की शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांजवळ काम करणाऱ्या स्टाफसाठी नीतिशास्त्राचं दोन तासांचं व्याख्यान ठेवलं तर पुरेल का. नाही पुरणार. मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेत, नर्स आहे, नव्या स्टाफचं प्रशिक्षणही माझ्याकडेच असतं, म्हणून ठामपणे सांगते.

बहुतेक व्याख्यानं चार तत्त्वांपासून सुरू होतात: रुग्णाची स्वायत्तता, त्याचं भलं, त्याला इजा न करणं आणि न्याय. १९७९पासून रूढ झालेली ही चौकट चांगलीच आहे. पण खरी अडचण येते ती दोन तत्त्वं एकमेकांच्या आड आल्यावर. म्हणून मी आधी प्रसंग ठेवते, तत्त्वांची नावं मागाहून.

समजा, रात्रपाळी आहे. कॅन्सरचा रुग्ण वेदनेने तळमळतोय, मॉर्फिनच्या डोसची वेळ झालीय. सिरिंजकडे बघत मुलगी विचारते, "सिस्टर, हे दिल्यावर बाबा उठतील ना?" इथे थांबून मी गटाला विचारते, आता काय बोलाल? "डॉक्टरांना विचारून सांगते" हे पहिलं उत्तर ठरलेलं. मग चर्चा रंगते. हेतू वेदना शमवण्याचा आहे का? डोस वेदनेच्या मानाने हळूहळू वाढवलाय का? तसा वाढवला असेल तर मॉर्फिनमुळे मरण ओढवतं ही भीती बहुतांशी निराधार आहे, आणि हे औषधशास्त्र त्याच तासाला शिकवावं लागतं; नाहीतर नीतीच्या नावाखाली नुसती मतं मांडली जातात. शेवटी प्रत्येकाने मुलीला द्यायचं उत्तर मोठ्याने म्हणायचं. "काळजी करू नका" मी चालवून घेत नाही. "दुखणं कमी होईल, कदाचित झोप लागेल. आजार खूप पुढे गेलाय, ते कधीही जाऊ शकतात, पण ते या इंजेक्शनमुळे नसेल," असं काहीतरी हवं.

"त्यांना सांगू नका हं," ही रुग्णापासून आजार लपवण्याची नातेवाइकांची विनवणीही अशीच घ्या. वाईट बातमी कशी सांगावी यासाठी २०००मध्ये मांडलेल्या 'स्पाइक्स' पद्धतीतली एक पायरी इथे कामाला येते: किती जाणून घ्यायचंय, हे आधी रुग्णालाच विचारायचं. व्हेंटिलेटर न लावणं आणि लावलेला काढणं यांतला फरक, कृत्रिम आहार हे विषयही हवेत, पण त्यांना कायद्याची बाजू असते, तेव्हा तुमच्याकडचा नियम माहीत असलेलं माणूस सोबत बसवा.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे स्टाफची स्वतःची घुसमट. काय करायला हवं हे कळतंय, पण करू दिलं जात नाही, या अवस्थेला नीतितज्ज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४मध्ये 'मॉरल डिस्ट्रेस' म्हटलं. केसपेपरवर सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून ते सुरू करायचा प्रयत्न) न करण्याचा निर्णय कुणी लिहिलेला नसतो, म्हणून मरणाऱ्या माणसाची छाती दाबत राहणारी नर्स ते सोसते. हे शिकवायला स्लाइड्स लागत नाहीत, बोलायची मुभा लागते. म्हणून वर्गात डॉक्टर, नर्स, रुग्णाला अंघोळ घालणारे मदतनीस सगळे एकत्र बसवा आणि सर्वात ज्येष्ठ डॉक्टरांना शेवटी बोलायला सांगा. ते आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. (हे त्यांना आधीच खासगीत सांगून ठेवा.)

तयार अभ्यासक्रम हवा असेल तर अमेरिकेत २०००मध्ये नर्सेससाठी सुरू झालेला 'एलनेक' बघा, त्यात नीतीचा भाग आहे. पण प्रसंग मात्र तुमच्याच वॉर्डातले घ्या, नावं-गावं काढून. आणि दोन तास एकदम घेण्याऐवजी दर आठवड्याला पाळी बदलतानाच्या हँडओव्हरनंतर वीस मिनिटं मागून घ्या, ती मिळतात.