मिथेनॉल फ्युएल सेलवर (इंधन न जाळता त्यापासून थेट वीज करणाऱ्या घटावर) स्कूटर चालेल का? त्यात पाणी न मिसळता शुद्ध मिथेनॉल भरले तर शक्ती वाढेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याने माझ्या एका जुन्या जखमेवरची खपली काढली आहे. शक्ती वाढणार नाही. उलट कमी होईल.

2006 साली अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी थेट मिथेनॉलवर चालणारा पाच सेलचा स्टॅक, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या सेलची चवड, बांधला होता. प्रत्येक सेलचे क्षेत्रफळ 25 चौरस सेंटिमीटर, मध्ये नॅफिऑन या प्रोटॉन वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकचे पटल, त्याच्या मिथेनॉलकडच्या अंगाला प्लॅटिनम-रुथेनियम आणि हवेकडच्या अंगाला प्लॅटिनम. एक मोलर, म्हणजे वजनाने सुमारे 3 टक्के मिथेनॉलचे द्रावण त्यातून फिरवले की भार नसताना मीटर 3 व्होल्टच्या आसपास दाखवी आणि खेळण्यातली मोटर फिरू लागे. आमच्या मार्गदर्शकांची सारी हयात डिझेल इंजिनांत गेली होती. त्यांना ती मोटर फारच संथ वाटली. ‘इंधनात एवढे पाणी घातल्यावर जोर कुठून येणार?’ असे म्हणून त्यांनी पाच मोलर द्रावण भरायला लावले. दहा मिनिटांत मीटर 2.2 व्होल्टवर उतरला आणि स्टॅक हाताला कोमट लागू लागला.

कारण सरळ होते. नॅफिऑनमधून पाण्याबरोबर मिथेनॉलही पलीकडे झिरपते, तिथे प्लॅटिनमवर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून नुसती उष्णता देते, आणि त्या बाजूचे विभवही (व्होल्टेजही) खाली ओढते. द्रावण जितके तीव्र, तितके हे झिरपणे अधिक. सरांनी मात्र गॅस्केटला दोष दिला आणि तीनदा स्टॅक खोलून पुन्हा आवळायला लावला. तिसऱ्या खेपेस एक पटल फाटले. तोंडी परीक्षेत आमच्या नावावर ‘जोडणीतील निष्काळजीपणा’ लागला.

आता स्कूटर. या सेलचे सैद्धांतिक विभव 1.21 व्होल्ट असले, तरी भाराखाली जेमतेम 0.4 व्होल्ट हाती लागतात, कारण मिथेनॉलच्या विघटनात तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमला चिकटून बसतो. प्रति चौरस सेंटिमीटर 50 मिलिवॅट धरले, तर 3 किलोवॅटसाठी 6 चौरस मीटर पटल लागेल, आणि आमच्यासारखा दोन्ही अंगांना मिळून दर चौरस सेंटिमीटरला 4 मिलिग्रॅम मौल्यवान धातूचा लेप दिला तर 240 ग्रॅम धातू. एवढ्या पैशांत गावात स्कूटरचे दुकान निघेल. यामाहाने 2005 मध्ये अशी एक छोटी दुचाकी जपानमधील शिझुओका प्रांताच्या प्रशासनाला वापरायला दिली होती, पण तो प्रयोगच राहिला. डाइम्लरने तर नेकार 5 या मोटारीत सेलला थेट मिथेनॉल न देता गाडीतच रिफॉर्मर बसवला, मिथेनॉलपासून हायड्रोजन काढून तो सेलला पुरवला, आणि 2002 मध्ये ती गाडी सॅन फ्रान्सिस्कोहून वॉशिंग्टनपर्यंत चालवत नेली. ती वाटही बाजारापर्यंत पोहोचली नाही.

तरीही लहान सेलने संथपणे बॅटरी भारित करत राहायचे आणि चढावर जोर बॅटरीने द्यायचा, ही रचना व्यवहार्य आहे. कॅम्पिंगच्या गाड्यांसाठी असे मिथेनॉल सेल विकले जातात. शिवाय टाकीत तीव्र मिथेनॉल ठेवून, सेलमध्येच तयार होणारे पाणी परत आणून ते आत पातळ करता येते, हेही मान्य करायला हवे. सर तेवढेच म्हणाले असते तर वाद झाला नसता. मिथेनॉल पोटात गेले तर दृष्टी जाते, प्राणही जातो, तेव्हा नळीने ते तोंडाने कधीही ओढू नका.

हा तुमचा कॉलेजचा प्रकल्प असेल, तर द्रावण बदलण्यापूर्वीचे आणि नंतरचे विभव वेळेसह वहीत लिहा आणि त्यावर, द्रावण बदलायला ज्यांनी सांगितले, त्यांची तिथल्या तिथे सही घ्या. आमच्या वहीत 2.2 हा आकडा अजून आहे. त्याच्यापुढची सहीची जागा कोरी आहे.