इलेक्ट्रिकल केलं तर शेवटी वायरमनच होतो का?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडला इलेक्ट्रिकल मिळतंय, घरचे म्हणतात 'चार वर्षं शिकून शेवटी वायरमनच होशील', तर घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. घ्या. हेच वाक्य मी काकांच्या तोंडून चार वर्षं ऐकलंय, आणि माझे वडील वायरमनच होते, म्हणून लिहायला बसलो.

तिसऱ्या वर्षाला होतो. काकांच्या विहिरीवरची ५ एचपीची मोटार एकाच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा जळाली. रिवाइंडिंगवाला म्हणाला, व्होल्टेज कमी येतंय. मी दुकानात जाऊन उघडी मोटार बघितली. कॉइलच्या सहा गटांपैकी समोरासमोरचे दोन, म्हणजे तीनपैकी एकाच वाइंडिंगचे, काळेठिक्कर, उरलेल्या चारांवरचं वार्निश जसंच्या तसं. व्होल्टेजचं कारण असतं तर सगळं सारखंच भाजलं असतं. डेल्टा मोटार (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली) चालू असताना तीनपैकी एका तारेतला पुरवठा, म्हणजे एक फेज, गेला की एका वाइंडिंगवर दुप्पट करंट पडतो, बाकी दोन्हींवर नेहमीएवढाच. वहीत सोडवलेलं गणित समोर जळून पडलं होतं.

मग मेन बंद करून स्टार्टर उघडला. ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा, १४ अँपिअरवर! ५ एचपीला फुल लोडला साधारण साडेसात अँपिअर लागतात, एक फेज गेल्यावर उरलेल्या दोन तारांत त्याच्या १.७३ पट, म्हणजे १३. रिले पडणार कसा? काका म्हणाले, "सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून वाढवून घेतला." मी तो साडेसातवर आणला, एक फेज गेला की मोटार बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणायला लावला. पण फेज जात कुठे होता, ते वडिलांनी शोधलं. मेनस्विचजवळ गेल्यावर त्यांना वासानंच कळलं. एका किटकॅट फ्यूजचा जबडा भाजून सैल झाला होता. मला तो दिसलाही नव्हता.

ती मोटार पुढे अकरा वर्षं चालली. काकांचं वाक्य मात्र तेच राहिलं.

वायरमन ही शिवी नाही. मशीन्सच्या लॅबमध्ये सीनिअरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून पास होणारे इंजिनिअर मी बघितलेत, त्यांच्या हातात मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) दिला तर कुठली टोकं कुठे लावायची ते कळत नाही. ज्याला हात आणि गणित दोन्ही येतं, त्याचं काम कुठे अडत नाही. लॅब बुडवू नका. सुट्टीत एखाद्या रिवाइंडिंगच्या दुकानात महिनाभर बसा, पैसे नाही दिले तरी बसा.

हो, कॅम्पसला बऱ्याच कॉलेजांत सॉफ्टवेअरवालेच जास्त येतात, आणि कोअरमध्ये, म्हणजे इलेक्ट्रिकलच्याच कंपन्यांत, सुरुवातीचा पगार कमी असतो. सरकारी कंपनीत जायचं तर गेट परीक्षेची तयारी तिसऱ्या वर्षापासून करा. गणिताचा मनापासून कंटाळा असेल तर मात्र ही ब्रँच घेऊ नका, दुसऱ्या वर्षापासून लाप्लास आणि कॉम्प्लेक्स नंबर पाठ सोडत नाहीत.

घरी शेतीपंप असेल तर एखाद्या जाणत्या वायरमनला सोबत घ्या, मेन बंद करा आणि रिले कितीवर ठेवलाय ते घरच्यांसमोरच बघा.