भिंतीवरचा खिळा

प्रिय पोरी,

परवा फोनवर म्हणालीस, "बाई, रोज शंभरेक चित्रं बघते, पण रात्री आठवायला गेलं तर एकही आठवत नाही." दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

एकादशीला देवळातल्या रांगेत होतं ना, तसं झालंय तुझं. पुढे सरका, पुढे सरका, आणि मूर्ती डोळ्यांत भरायच्या आत आपण मागच्या दारानं बाहेर. मोबाइलवर एक चित्र येतं, त्याच्या पाठोपाठ कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो, मग दुसरं चित्र. डोळ्यांना थांबायला जागाच नाही.

मी चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसले तेव्हा परदेशी चित्रं म्हणून माझ्याकडे होते ते एका जुन्या पुस्तकातले काळे-पांढरे ठसे, काडेपेटीहून थोडे मोठे. रेम्ब्रां या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराचा उजेड मी त्या करड्या डागांत शोधत बसायचे. त्या मानानं तुझ्या हातात केवढं घबाड आहे! ते वाया जाताना मला बघवत नाही.

आठवडाभर एकच चित्र घे. मी सुचवते: त्याच काळातल्या व्हर्मिअर या डच चित्रकाराची दूध ओतणारी मोलकरीण. साधारण १६६० सालचं, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं. आधी नुसतं नाव टाकून शोध. एकाच चित्राच्या कितीतरी रंगांतल्या प्रती समोर येतील, काही तर हळद सांडल्यासारख्या. एके काळी इंटरनेटवर या चित्राच्या १०,००० च्या वर प्रती फिरत होत्या आणि त्यातल्या बहुतेक अशाच पिवळट होत्या. त्या बघून आलेल्या लोकांना संग्रहालयाच्या दुकानातल्या पोस्टकार्डावरचे खरे रंगच खोटे वाटायचे! शेवटी संग्रहालयानं आपल्याकडची चांगली, मोठी छायाचित्रं स्वतःच मोफत खुली केली. २०१२ पासून ती कुणालाही उतरवून घेता येतात. म्हणून सवय लाव: चित्र कुठेही आवडलं, तरी ते ज्या संग्रहालयात आहे त्याच्या पानावर जाऊन बघायचं. तिथे खाली साल, माध्यम आणि माप दिलेलं असतं.

माप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. पडद्यावर सगळी चित्रं एकाच आकाराची होतात, आणि मला विचारशील तर सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. रेम्ब्रांचं 'नाइट वॉच' जवळजवळ ३.८ मीटर उंच आणि ४.५ मीटर रुंद आहे. आपल्या वर्गाची फळ्याकडची भिंत त्यानं झाकून टाकली असती. आणि ही मोलकरीण? ४५.५ सेंटिमीटर बाय ४१. वर्तमानपत्राचा कागद त्या मापाचा काप आणि तुझ्या खोलीत भिंतीला चिकटव. समोर उभी राहा. आता कळेल, की एवढ्याशा जागेत त्यानं अख्खं स्वयंपाकघर आणि सकाळ माववून दाखवलीय.

पहिली पाच मिनिटं चित्र मोठं करायचं नाही. लॅपटॉपवर पूर्ण चित्र ठेव आणि उजेड कुठून येतो, कुठे संपतो एवढंच बघ. मग हळूहळू जवळ जा. पावाच्या कवचावर रंगाचे बारीक ठिपके दिसतील. लांबून तेच कुरकुरीत लागतात, जवळून नुसते ठिपके. दुधाची धार बघ. सगळ्या चित्रात हलतंय ते तेवढंच. प्रत्येक वेळी जवळ गेलीस की परत पूर्ण चित्रावर ये, नाहीतर मोठं करण्याचाच नाद लागतो. 'नाइट वॉच'चं तर २०२२ साली ७१७ अब्ज पिक्सेलचं छायाचित्र खुलं केलंय. त्यात रंगाच्या भेगांत शिरून माणूस तासभर हरवतो आणि चित्र बघायचंच राहून जातं.

आणि मोलकरणीच्या मागची भिंत. मला सगळ्यात आवडते ती. वरती एक खिळा आहे, त्याची सावलीसुद्धा आहे. २०२२ मध्ये संशोधकांनी रंगाच्या खालचा थर तपासला, तेव्हा कळलं की तिथे आधी चंबूसारखी भांडी टांगायची फळी होती आणि खाली कोपऱ्यात शेगडी ठेवायची विणलेली टोपली. व्हर्मिअरनं दोन्ही रंगाखाली झाकून टाकल्या. भिंत मोकळी केली, पण खिळा ठेवला! का ठेवला असेल, यावर मी कितीतरी संध्याकाळी विचार केलाय.

मग आपल्याकडे वळ. मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेतले शिक्षक ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बोमनजींसारखे त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्या लंडनला गेल्या, १८८५ च्या आगीत पुष्कळशा जळाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात. लेण्यात मंद उजेडात, मागच्या माणसाचे धक्के खात जे नीट दिसत नाही, ते इथे शांतपणे न्याहाळता येतं. हे बघून मग अजिंठ्याला जा. पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी तुला ओळखीचा वाटेल.

एक सांगायचं राहिलं. जुन्या, हक्क संपलेल्या चित्रांची प्रत बिनधास्त छापून घे, खऱ्या मापातच घे. पण हयात चित्रकाराचं काम त्याला विचारल्याशिवाय छापायचं नाही, आणि कुणाला पाठवलंस तर नाव घालून पाठवायचं. पोटाला चिमटा घेऊन रंग विकत घेणारी माणसं मी जवळून पाहिलीत.

दिवाळीत येशील तेव्हा आपण साताऱ्याहून औंधला जाऊ. औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेलं संग्रहालय आहे तिथे. मी डबा आणते, तू वही आण.

तोवर मोलकरणीकडे परत एकदा बघ. डावीकडच्या खिडकीतल्या काचा एकेक करून तपास. एका काचेत काहीतरी आहे, मी सांगणार नाही. सापडलं की फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझ्या,
चित्रकलेच्या बाई