वाचकांचे प्रश्न : टायमिंग बेल्ट आणि वाकलेले व्हॉल्व्ह

प्रश्न (सांगली) : माझी रेनॉ डस्टर, दीड लिटर डिझेल, २०१४ची आहे. चालली जेमतेम ६२ हजार किलोमीटर. टायमिंग बेल्ट कधीच बदललेला नाही. मेकॅनिकने वरचं कव्हर काढून पाहिलं, बेल्टला एकही चीर नाही. तरी बदलावा का?

उत्तर : बदलावा, आणि पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता. टायमिंग बेल्ट म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकच्या दांड्याला व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडणाऱ्या कॅमच्या दांड्याशी जोडणारा दातेरी पट्टा. त्याची मुदत किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्हींत दिलेली असते. जी आधी संपेल ती धरायची. गाडी कमी चालली असली, तरी तिच्यातलं रबर दहा वर्षांहून जुनं आहे. चीर नाही म्हणून निश्चिंत राहू नका. पूर्वीचे बेल्ट भेगाळायचे, त्यामुळे आधी कळायचं. हल्लीच्या रबराची पाठ शेवटपर्यंत गुळगुळीत दिसते. आतले धागे थकलेले असतात किंवा दात्याच्या मुळाशी तडा गेलेला असतो, आणि वरचं कव्हर काढून तो दिसत नाही.

नुसता बेल्ट मात्र टाकू नका. या इंजिनात तोच बेल्ट कॅमशाफ्ट, डिझेलचा हाय-प्रेशर पंप आणि वॉटर पंप असे तिन्ही फिरवतो. वॉटर पंपाचं बेअरिंग जाम झालं, तर कोऱ्या बेल्टचेही दाते सोलले जातात. म्हणून टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), वॉटर पंप आणि क्रँक पुलीचा बोल्ट नवे घ्या, कूलंटही नवं भरा. कॅमच्या किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून पाझर दिसला, तर सील त्याच वेळी बदला. तेल लागलेलं रबर फुगतं आणि दाते मऊ पडतात.

कामाच्या वेळी तिथे उभं राहता आलं तर उत्तम. इंजिन पूर्ण थंड हवं, कारण ताण थंड इंजिनावरच लावायचा असतो. क्रँक आणि कॅम जागेवर आणायला पिना घालतात. त्या फक्त जागा दाखवण्यासाठी असतात. त्यांच्याच आधारावर पुलीचा बोल्ट सोडवला, तर पिन वाकते आणि टायमिंग चुकतं. क्रँकचं टोक, दातेरी चाक आणि पुली यांचे एकमेकांना टेकणारे भाग तेलाचा अंशही न ठेवता पुसायला हवेत. तिथे ओशटपणा राहिला, तर चाक क्रँकवर घसरू शकतं आणि मग बेल्ट शाबूत असूनही व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बोल्ट आधी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने), मग ठरलेल्या अंशात आवळायचा. शेवटी पिना काढून इंजिन पान्याने, हाताने, चालण्याच्या दिशेत पूर्ण दोन फेरे फिरवायचं (क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो) आणि पिना पुन्हा घालून पाहायच्या. त्या सहज बसल्या नाहीत, तर बेल्ट परत काढायचा. सेल्फ मारायचा नाही.

प्रश्न (बीड) : फोर्ड फिगो १.४ डिझेल ताशी ८०च्या वेगात अचानक बंद पडली. बेल्ट तुटला होता. ड्रायव्हरने चार-पाच वेळा सेल्फ मारला. एक मेकॅनिक म्हणतो, नवा बेल्ट टाकून चालू करून पाहू. दुसरा म्हणतो, हेड उतरवावं लागेल. कोणाचं ऐकू?

उत्तर : दुसऱ्याचं, पण हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवण्याआधी एक चाचणी करून घ्या. बेल्ट तुटला की कॅम थांबतो आणि त्या क्षणी जे व्हॉल्व्ह उघडे असतात ते तसेच उघडे राहतात. क्रँक मात्र वेगात फिरतच असतो. ३,००० आरपीएमला प्रत्येक पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर येतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर जागाच उरत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हची दांडी वाकते किंवा रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा तुकडा) तुटतो. नंतर मारलेल्या प्रत्येक सेल्फने त्यात भर पडते.

चाचणी अशी : कॅम आणि रॉकर काढले, की स्प्रिंगमुळे सगळे व्हॉल्व्ह बंद व्हायला हवेत. मग ग्लो प्लगच्या (थंड सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) भोकातून एकेका सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची. इनटेककडून (हवा आत येते त्या बाजूने) फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह वाकलेला, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्टचा. ऑइल भरायच्या तोंडातून थोडी हवा येणं स्वाभाविक आहे. जोरात आली, तर रिंग किंवा पिस्टन तपासा. चारही सिलिंडरांनी हवा धरली आणि फक्त रॉकर तुटलेले निघाले, तर हेड न उतरवताही काम भागू शकतं.

गळती निघाली, तर हेड उतरवणं आलंच. वाकलेला व्हॉल्व्ह ठोकून सरळ करून बसवू देऊ नका. वाकलेल्या जागी धातू कमजोर झालेला असतो, आणि डोकं तुटून आत पडलं तर पिस्टनही जातो. व्हॉल्व्ह गाइड तपासा, स्टेम सील नवे टाका, व्हॉल्व्ह सीटवर नीट बसतात की नाही ते पाहा. पिस्टनवर नुसता ठसा असेल तर चालतं, तडा असेल तर नाही. कनेक्टिंग रॉडचाही वाक मोजून घ्या. हेड बोल्ट नवेच वापरा.

प्रश्न (पणजी) : स्विफ्ट डिझेलचा बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा?

उत्तर : १.३ लिटर डिझेलमध्ये बेल्ट नाही, चेन आहे, आणि तिला ठरलेली मुदत नसते. ऑइल वेळेवर बदला. सकाळी थंड इंजिन सुरू करताना अल्टरनेटरच्या बेल्टच्या बाजूने साखळीसारखा खडखडाट येऊन थांबत असेल, तर चेन आणि तिचा टेन्शनर तपासून घ्या. बाहेरून दिसणारा बेल्ट अल्टरनेटरचा आहे, तो वेगळा.

प्रश्न (नाशिक) : इकोस्पोर्ट १.० इकोबूस्टमध्ये बेल्ट ऑइलमध्येच फिरतो असं ऐकलं. मग तो जास्त टिकतो ना?

उत्तर : योग्य ऑइल असेल तरच. पुस्तिकेत दिलेल्या मानकाचंच ऑइल घाला. ग्रेडचा आकडा जुळतो म्हणून दुसरं चालत नाही. चुकीच्या किंवा फार जुन्या ऑइलने रबर झिजतं आणि त्याचा भुगा संपमधल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठणाऱ्या भांड्यातल्या) जाळीत अडकतो. ऑइल प्रेशर पडतं, टर्बो आणि बेअरिंगं कोरडी पडतात, तेही बेल्ट तुटण्याच्या आधी. ऑइलचा लाल दिवा क्षणभर जरी लागला, तरी इंजिन बंद करून गाडी टो करून न्या. बेल्ट बदलताना संप उतरवून जाळी साफ करायला लावा. जुना भुगा तिथेच राहिला, तर नवा बेल्ट टाकूनही प्रेशर पडेलच.